यादी इथे, परवानगी तिथे

लिनक्स आणि पायथन बरोबरीने शिकणाऱ्या विद्यार्थ्याला सुरुवातीलाच एक गृहपाठ हमखास मिळतो. एखाद्या डिरेक्टरीतल्या सगळ्या फाईलींची यादी काढायची आणि प्रत्येक नावासमोर त्या फाईलीच्या परवानग्या छापायच्या. चार-पाच ओळींचे काम. यादी मागवणारे एक फंक्शन, त्या यादीवर फिरणारा फॉर लूप, लूपच्या पोटात परवानगी विचारणारा एक कॉल आणि शेवटी प्रिंट. टर्मिनलवर 'एलएस -एल' एवढे टाईप केले की हेच सगळे आयते मिळते, मग ते पुन्हा हाताने कशाला करायचे, ही कुरकुरही ठरलेलीच.

कुरकुर रास्त आहे. पण 'एलएस' एक गोष्ट पोटात ठेवते आणि नवशिक्याची स्क्रिप्ट ती बाहेर काढते: यादी आणि परवानगी एका जागी नसतातच.

विद्यार्थी आधी स्क्रिप्ट चालू डिरेक्टरीवर चालवून बघतो. चालते. मग हुरूप येऊन तो 'ईटीसी' या डिरेक्टरीचा मार्ग देतो, आणि पहिल्याच नावाला पायथन 'अशी फाईल नाही' म्हणून थांबतो. आत्ताच तर यादीत नाव आले होते, लगेच फाईल कुठे गेली? ती गेलेली नसते. 'ओएस डॉट लिस्टडिर'ने 'होस्ट्स' हे नुसते नाव परत दिलेले असते, मार्ग नाही. पुढच्या ओळीतला 'ओएस डॉट स्टॅट' ते नाव ईटीसीत शोधत नाही. स्क्रिप्ट ज्या डिरेक्टरीत उभी आहे तिथे शोधतो. डिरेक्टरीचा मार्ग आणि नाव 'ओएस डॉट पाथ डॉट जॉइन'ने जोडून दिले की काम सुरळीत होते. बहुतेक जण ही दुरुस्ती करून पुढे जातात. तिथे जरा थांबले तर युनिक्सची अर्धी रचना हाती लागते.

डिरेक्टरी म्हणजे सोसायटीच्या तळमजल्यावर लावलेला नावांचा फलक. त्यावर आडनाव असते आणि फ्लॅटचा नंबर असतो, बाकी काही नाही. युनिक्सच्या डिरेक्टरीतही नेमके एवढेच असते: फाईलीचे नाव आणि तिचा आयनोड क्रमांक. मालक कोण, ग्रुप कोणता, आकार किती, शेवटचा बदल केव्हा, परवानग्या काय आणि मजकूर डिस्कवर कुठे आहे, हे सगळे आयनोडमध्ये. गंमत अशी, की आयनोडमध्ये फाईलीचे नाव मात्र नसते. म्हणून एकाच फाईलीला दोन डिरेक्टऱ्यांत दोन नावे असू शकतात, आणि परवानगी एका नावाने बदलली की दुसऱ्या नावानेही बदललेलीच दिसते. 'एलएस -एल'च्या ओळीत परवानग्यांनंतर जो एक आकडा येतो आणि ज्याकडे कोणी बघत नाही, तो आयनोडला लागलेल्या अशा नावांचाच हिशेब असतो.

स्क्रिप्टला दोनदा विचारावे लागते ते यामुळेच. लिस्टडिर फलक वाचतो. स्टॅट एकेका फ्लॅटपर्यंत जाऊन येतो.

मार्ग दुरुस्त झाला की दुसरा धक्का बसतो. स्टॅटने दिलेल्या उत्तरातला 'एसटी मोड' हा भाग छापला तर पडद्यावर आर, डब्ल्यू, एक्स यांपैकी काहीच येत नाही. येते ३३१८८. साध्या मजकुराच्या बहुतेक फाईलींना हाच आकडा, डिरेक्टऱ्यांना बहुधा १६८७७, आणि चालवता येणाऱ्या प्रोग्रामांना ३३२६१. हे आकडे अष्टमान पद्धतीत लिहिले की गूढ उलगडते. ३३१८८ म्हणजे १००६४४. पुढचे १०० सांगते की ही साधी फाईल आहे. मागचे ६४४ ही परवानगी. वाचायला (आर) ४, लिहायला (डब्ल्यू) २, चालवायला (एक्स) १. मालकाला ४ अधिक २, म्हणजे ६, ग्रुपला ४, इतरांना ४. १६८७७ अष्टमानात ४०७५५ होतो, त्यातला ४ डिरेक्टरीची खूण. पायथनमध्ये 'स्टॅट' नावाचेच एक मॉड्यूल आहे आणि ३.३ या आवृत्तीपासून त्यात 'फाईलमोड' हे फंक्शन मिळते. ते या आकड्याची दहा अक्षरांची ओळखीची पट्टी करून देते. पहिले अक्षर प्रकाराचे, मग तीन-तीन अक्षरांचे तीन गट: मालक, ग्रुप, इतर. फंक्शन सोयीचे आहे, पण एकदा तरी हा आकडा हाताने फोडून पाहावा. सगळी माहिती सोळा बिटांत बसवलेली आहे: चार प्रकारासाठी, नऊ नेहमीच्या परवानग्यांसाठी, उरलेल्या तीन खास कामांसाठी.

सोळाच का, याचे उत्तर न्यू जर्सीतल्या मरे हिलच्या बेल लॅब्जमध्ये आहे. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ साली पीडीपी-७ या यंत्रावर युनिक्सची सुरुवात केली आणि लवकरच ते पीडीपी-११ वर नेले. पीडीपी-११ चा शब्द सोळा बिटांचा होता. ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख असलेल्या युनिक्सच्या पहिल्या पुस्तिकेत 'एलएस' आहे आणि परवानग्या बदलणारी 'सीएचमॉड'ही आहे. तेव्हा ग्रुप हा प्रकारच नव्हता. मालक वाचू शकतो का, लिहू शकतो का. बाकीचे वाचू शकतात का, लिहू शकतात का. फाईल चालवता येते का. आणि एक खास बिट, जो पुढे येईलच. सहा बिटांत कारभार आटोपत असे. ग्रुप पुढच्या काही वर्षांत आला आणि नऊ बिटांची आजची मांडणी स्थिरावली. कमांडची नावे इतकी तोकडी का, असे नवशिके विचारतात. त्या काळी पडदा नव्हता, टेलिटाइप यंत्र होते, आणि मॉडेल ३३ हे यंत्र सेकंदाला जेमतेम १० अक्षरे छापत असे. एकेक अक्षर वाचवण्यात शहाणपण होते.

साध्या फाईलीवर आर, डब्ल्यू आणि एक्स यांचा अर्थ नावाप्रमाणेच आहे. डिरेक्टरीवर मात्र तीच तीन अक्षरे वेगळे काम करतात, आणि चार वर्षे लिनक्स वापरणारेही इथे अडखळतात. डिरेक्टरीवरचा आर म्हणजे फलक वाचण्याची मुभा. एक्स म्हणजे आत शिरून नावामागच्या आयनोडपर्यंत पोचण्याची मुभा. डब्ल्यू म्हणजे फलकावर नाव लिहिण्याची, बदलण्याची किंवा खोडण्याची मुभा. तीही एक्स सोबत असेल तरच उपयोगाची.

हे वाचण्यापेक्षा करून पाहणे सोपे. सर्वाधिकारी रूटने नव्हे, साध्या युजरने एक डिरेक्टरी तयार करावी, तिच्यात दोन-तीन फाईली टाकाव्यात आणि डिरेक्टरीची परवानगी ४०० करावी, म्हणजे मालकाला फक्त आर. आता स्क्रिप्टची लिस्टडिरची ओळ बिनबोभाट पार पडते, नावे मिळतात, पण स्टॅटची ओळ 'परवानगी नाही' म्हणून कोसळते. 'एलएस -एल' अशा वेळी कोसळत नाही. ती नाव छापते आणि परवानगी, मालक, आकार यांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग लावते. ती रांग पाहून डिस्क बिघडली असे वाटणारे कमी नाहीत. मग परवानगी १०० करावी, म्हणजे फक्त एक्स. आता उलटे होते. लिस्टडिर अडतो, यादी मिळत नाही. पण एखाद्या फाईलीचे नाव आधीच ठाऊक असेल तर त्या नावावर स्टॅट बिनतक्रार उत्तर देतो. स्क्रिप्टमधल्या दोन ओळी आणि डिरेक्टरीवरचे दोन बिट असे समोरासमोर उभे राहतात. विद्यापीठांच्या सामाईक सर्व्हरवर होम डिरेक्टरीला ७११ देण्याची पद्धत होती ती याच जोरावर: वेब सर्व्हरला आतल्या ठरावीक फोल्डरपर्यंत पोचता यावे, पण आजूबाजूच्यांना घरात काय काय आहे याची यादी मिळू नये.

उलट बाजूने पाहिले तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. उबुंटूवर 'शॅडो' नावाच्या फाईलीत सगळ्या युजरांच्या पासवर्डांचे हॅश असतात. तिची परवानगी ६४०, मालक रूट. साध्या युजरला ती उघडता येत नाही. पण आपली स्क्रिप्ट ईटीसीवर चालवली तर शॅडोची परवानगी, मालक, आकार, शेवटच्या बदलाची वेळ हे सगळे मुकाट छापले जाते. कारण स्टॅटला फाईल वाचायचीच नसते. वाटेतल्या डिरेक्टऱ्यांवर एक्स असला की झाले.

फाईल पुसण्याचेही तसेच. मालकाने आपल्या फाईलीला ४४४ दिले, म्हणजे खुद्द स्वतःलाही लिहायची बंदी, तरी ती ज्या डिरेक्टरीत आहे तिच्यावर ज्याला डब्ल्यू आणि एक्स आहे तो ती फाईल उडवू शकतो. फलकावरचे नाव खोडायला फ्लॅटची किल्ली लागत नाही. फाईलीचा मालक दुसरा असला तरी फरक पडत नाही. हे ऐकून धक्का बसतोच, आणि इथेच 'टीएमपी' या सामाईक डिरेक्टरीचा पेच उभा राहतो. तिथे सगळ्यांनाच फाईली करता आल्या पाहिजेत, म्हणजे सगळ्यांना डब्ल्यू आले, म्हणजे कोणीही कोणाचीही फाईल उडवणार. यावर उतारा म्हणून स्टिकी बिट असतो. तो लावला की डिरेक्टरीतले नाव फक्त त्या फाईलीचा मालक, डिरेक्टरीचा मालक किंवा रूट खोडू शकतो. स्क्रिप्टमध्ये टीएमपीचा आकडा १७४०७ येतो, अष्टमानात ४१७७७, आणि पट्टीच्या शेवटी एक्सच्या जागी टी हे अक्षर दिसते.

सामाईक जागेतल्या नावांनी घातलेला सर्वांत गाजलेला घोळ युनिक्सच्याही आधीचा आहे. एमआयटीत फर्नांडो कॉरबॅटो यांच्या चमूने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला सीटीएसएस ही प्रणाली उभी केली. एकाच संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची ती सुरुवात होती. एके दिवशी तिथे लॉगिन करणाऱ्या प्रत्येकासमोर रोजच्या सूचनेऐवजी सगळ्या युजरांचे पासवर्ड छापून येऊ लागले. प्रणालीचे काम पाहणाऱ्यांपैकी एक जण सूचनेची फाईल दुरुस्त करत होता आणि त्याच वेळी, त्याच डिरेक्टरीत, दुसरा पासवर्डांची फाईल दुरुस्त करत होता. एडिटर तात्पुरत्या फाईलीला नेहमी एकच ठरलेले नाव देई. एका डिरेक्टरीत एका वेळी एकच माणूस काम करणार, हे गृहीत धरलेले. दोन फाईलींची अदलाबदल झाली. कॉरबॅटो यांनी हा किस्सा पुढे ट्यूरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात स्वतःच सांगितला. आजच्या पायथनमध्ये 'टेम्पफाईल' हे मॉड्यूल प्रत्येक वेळी नवे, आधी अंदाज न करता येणारे नाव आणि ६०० परवानगी देते. तात्पुरत्या फाईलीला नाव देण्याचे काम नवशिक्याने त्याच्यावरच सोपवावे.

मघाशी राहिलेला खास बिट. पासवर्ड बदलायचा तर शॅडोत लिहावे लागते आणि साध्या युजरला तिथे मज्जाव. तरीही प्रत्येक जण 'पासडब्ल्यूडी' ही कमांड चालवून स्वतःचा पासवर्ड बदलतो. त्या प्रोग्रामच्या परवानग्या छापल्या तर मालकाच्या गटात एक्सच्या जागी एस दिसतो आणि आकडा येतो ३५३०९. हा सेटयूआयडी बिट: प्रोग्राम कोणीही चालवो, तो चालतो मालकाच्या, इथे रूटच्या, हक्काने. कल्पना रिची यांची. तिचा पेटंट अर्ज १९७३ साली झाला आणि १९७९ साली अमेरिकन पेटंट मिळाले. बेल लॅब्जने ते पुढे सर्वांना मोकळे केले. एका बिटाच्या जोरावर इतके काम करून घेणारी दुसरी युक्ती संगणकाच्या इतिहासात क्वचितच असेल. तितकीच ती धोक्याचीही आहे. अशा प्रोग्राममध्ये एक चूक राहिली की साध्या युजरला रूट होण्याचा रस्ता मिळतो, आणि म्हणून सर्व्हर सांभाळणारे सेटयूआयडी फाईलींची यादी अधूनमधून काढून पाहतात. नवशिक्याच्या स्क्रिप्टमध्ये एक 'इफ' घातला की तेच काम होते.

तीन गटांबद्दल एक गैरसमज सरसकट आढळतो: की मालक, ग्रुप आणि इतर यांच्या परवानग्यांची बेरीज होते. होत नाही. कर्नल आधी पाहतो, हा मालक आहे का? असेल तर फक्त पहिला गट लागू, पुढचे बघायचेच नाही. म्हणून ०४४ परवानगीची फाईल इतर सगळे वाचू शकतात आणि मालक वाचू शकत नाही. त्याला परवानगी बदलण्याचा हक्क मात्र असतोच.

आता यादीच्या बाजूचे दोन-तीन खाचखळगे. स्क्रिप्टने मोजलेली संख्या आणि 'एलएस'ने दाखवलेली संख्या जुळत नाही, कारण 'एलएस' टिंबाने सुरू होणारी नावे लपवते. बेल लॅब्जमध्ये युनिक्सवर काम केलेले रॉब पाइक यांनी २०१२ मध्ये लिहिल्याप्रमाणे हा ठरवून केलेला सोयीचा प्रकार नव्हता. प्रत्येक डिरेक्टरीत 'एक टिंब' आणि 'दोन टिंबे' अशा दोन नोंदी आल्या. त्या यादीत दिसू नयेत म्हणून पहिले अक्षर टिंब असेल तर नाव वगळा, अशी चटकन एक तपासणी घातली गेली. नेमक्या त्या दोन नावांऐवजी टिंबाने सुरू होणारी सगळीच नावे वगळली गेली, आणि पुढे प्रत्येक प्रोग्रामने आपल्या सेटिंगच्या फाईली टिंबामागे दडवायला सुरुवात केली.

पायथनऐवजी शेल स्क्रिप्ट लिहिणारे 'एलएस'चेच उत्तर लूपमध्ये फिरवतात आणि 'माझा अर्ज' या नावाच्या फाईलीपाशी आपटतात. शेल मोकळ्या जागेवर शब्द तोडते, त्यामुळे 'माझा' ही एक आणि 'अर्ज' ही दुसरी अशा नसलेल्या दोन फाईली शोधल्या जातात. लूपला 'एलएस'ऐवजी फुलीचे चिन्ह द्यावे आणि नाव दुहेरी अवतरणात ठेवावे. फाईलीच्या नावात स्लॅश आणि शून्य बाइट सोडून काहीही चालते, नवी ओळसुद्धा. देवनागरीही अर्थात चालते, कारण युनिक्सच्या दृष्टीने नाव म्हणजे नुसते बाइट. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली आखलेल्या यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि एक्स्ट४ सारख्या फाईल सिस्टिमवर नावाची मर्यादा २५५ बाइट आहे. म्हणजे मराठी नावाला ८५ चिन्हे, तीही काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजून. सरकारी परिपत्रकाचा अख्खा विषय फाईलीचे नाव म्हणून ठेवणाऱ्यांना 'नाव फार लांब' हा संदेश इंग्रजी नाव ठेवणाऱ्यापेक्षा तिप्पट लवकर भेटतो.

सिंबॉलिक लिंकचे तर विचारूच नये. लिंक ज्या फाईलीकडे बोट दाखवते ती पुसली गेली असेल तर यादीत नाव येते आणि स्टॅट 'फाईल नाही' म्हणतो. अशा वेळी 'एलस्टॅट' वापरावा. तो लिंकबद्दलच सांगतो. लिनक्सवर लिंकची स्वतःची परवानगी नेहमी ७७७ दिसते आणि तिला काही अर्थ नसतो.

७७७ वरून आठवले. वेबसाईट चालत नाही, फोटो चढत नाही, म्हटले की कोणीतरी सांगतो: ७७७ देऊन टाक. तक्रार मिटते आणि सर्व्हरवरच्या प्रत्येक युजरला, प्रत्येक प्रोग्रामला त्या फोल्डरमध्ये लिहिण्याची मुभा मिळते. वेबसाईटच्या डिरेक्टऱ्यांना ७५५ आणि फाईलींना ६४४ एवढे सहसा पुरते. अडत असते ते बहुधा मालकीपाशी, परवानगीपाशी नाही. काही प्रोग्राम अशा उदारपणाला सरळ नकार देतात. एसएसएचची खासगी किल्ली इतरांना वाचता येत असेल तर एसएसएच मोठी ताकीद छापून ती वापरायचेच नाकारते. ६०० केली की मुकाट चालते. उबुंटूनेही २१.०४ या आवृत्तीपासून नव्या युजरची होम डिरेक्टरी ७५५ ऐवजी ७५० केली. घरच्या लॅपटॉपवर एकच माणूस असतो, तिथे हे बारकावे फार बोचत नाहीत. पुण्याच्या आयसरमधल्या परम ब्रह्मसारख्या महासंगणकावर अनेक संशोधक एकाच यंत्रावर काम करतात, तिथे कोणाचा डेटा कोणाला दिसतो हे याच नऊ बिटांवर येते. आणि अँड्रॉइड फोनवर तर प्रत्येक ॲप हाच एक स्वतंत्र युजर असतो. एका ॲपच्या फाईली दुसऱ्याला दिसत नाहीत यामागे इतर संरक्षणांच्या जोडीला १९७१ च्या पुस्तिकेतलीच मालक-आणि-इतर ही विभागणी आहे.

मुलाखतीत विचारला जाणारा एक जुना प्रश्न या सगळ्याला धरूनच आहे: 'सीएचमॉड' या प्रोग्रामचाच एक्स बिट कोणी काढून टाकला, तर तो परत कसा लावायचा? सीएचमॉड चालवावी तर ती चालवायची परवानगीच उरलेली नाही. उत्तर असे, की परवानगी बदलण्याचे काम तो प्रोग्राम करतच नाही. तो कर्नलला विनंती करतो, आणि तीच विनंती दुसरा कोणताही प्रोग्राम करू शकतो. रूट होऊन पायथन उघडावे आणि 'ओएस डॉट सीएचमॉड' या फंक्शनला फाईलीचा मार्ग आणि ७५५ द्यावे. मात्र पायथनमध्ये अष्टमान आकड्याच्या आधी शून्य आणि ओ हे अक्षर लावावे लागते. ते विसरून नुसते ७५५ लिहिले तर पायथन तो दशमान समजतो, आणि दशमान ७५५ म्हणजे अष्टमान १३६३: वर एक स्टिकी बिट, मालकाला लिहिणे आणि चालवणे, ग्रुपला वाचणे आणि लिहिणे, इतरांना लिहिणे आणि चालवणे. सीएचमॉड पुन्हा चालू लागते, आणि त्या यंत्रावरचा कोणीही युजर तिच्या जागी स्वतःचा मजकूर लिहू शकतो.